ईव्हीच्या (इलेक्ट्रिक गाडीच्या) एचव्ही म्हणजे हाय व्होल्टेज लाईनचा फ्यूज गेलाय, नुसता फ्यूज बदलता येतो की अख्खा बॉक्सच घ्यावा लागतो? (सांगली)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडं सेकंडहँड इलेक्ट्रिक कार आहे, बॅटरी ३२० व्होल्टच्या आसपासची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की चर्चा तिकडंच जाते. परवा तासगावहून येताना ऐन उन्हात एसी बंद पडला. ब्लोअर चालू, वारा येतोय पण गरम. बाकी गाडी मस्त पळतीय, बारा व्होल्टची बॅटरी चार्ज होतीय, घरचं चार्जिंग पण व्यवस्थित. वर्कशॉपला नेली, त्यांनी लॅपटॉप लावला आणि म्हणाले कंप्रेसरला हाय व्होल्टेज पोचतच नाही, बॉनेटखालच्या जंक्शन बॉक्समधला कंप्रेसरचा फ्यूज गेलाय. म्हटलं मग टाका की नवा. तर म्हणे फ्यूज सुटा मिळत नाही, त्याला पार्ट नंबरच नाही, बॉक्स आख्खा बदलायचा. आकडा ऐकून मी समोरचा चहा न घेताच उठलो. वॉरंटी विचारू नका, आधीच्या मालकानं सर्व्हिसिंग चुकवलंय त्यामुळं ते हात वर करतात.

आता माझा एक मित्र कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवतो, तो म्हणतो बॉक्स खोलू, ३२ अँपियरचा एचआरसी (कारखान्याच्या पॅनेलमध्ये असतो तो फ्यूज) टाकू, फ्यूज म्हणजे फ्यूज, दोनशे रुपयांचं काम आहे. मला पटतंय पण आणि भीती पण वाटतीय.

दुसरी गोष्ट, आमच्या वडिलांची मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी आहे, मार्केट यार्डात हळदीची आणि बेदाण्याची पोती वाहते. तिचा मेन फ्यूज मागं दोनदा उडाला तेव्हा यार्डाजवळच्या एकानं फ्यूज काढून तांब्याची पट्टीच बोल्ट केली, तेव्हापासून गाडी विनातक्रार चाललीय, त्यामुळं वडील म्हणतात फ्यूज हे नुसतं कंपन्यांचं खूळ आहे, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) आहे, कॉन्टॅक्टर (मेन लाईन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) आहे, मग आणि फ्यूज कशाला. मला त्यांना काय सांगावं कळेना. जाणकारांनी जरा उजेड पाडा.

हार्नेस_शिरवळ

मी शिरवळला वायरिंग हार्नेसच्या कामात आहे, एचव्ही केबलच करतो, म्हणून लिहितोय. आधी तुमच्या मित्राचा एचआरसी. तो फ्यूज वाईट नाही, पॅनेलमध्ये उत्तमच आहे, पण त्याच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. बहुतेक ४१५ किंवा ५०० व्होल्ट एसी (दिशा बदलणारा करंट, थंड हवेचा एसी नव्हे) असतं, आणि डीसी (बॅटरीचा एकाच दिशेचा करंट) छापलेलंच असलं तर २५० च्या आसपास. तुमची बॅटरी ३२०, फुल चार्जला त्याच्याही वर. म्हणजे तो फ्यूज रोजचा करंट आरामात वाहील, काही फरक जाणवणार नाही, आणि ज्या दिवशी खरंच शॉर्ट होईल त्या दिवशी आतली पट्टी वितळेल पण करंट तुटणार नाही, वितळलेल्या जागेतून आर्क (हवेतून वाहणाऱ्या करंटचा जाळ) चालू राहील आणि फ्यूज फुटेल.

कारण असं की आपल्या घरच्या एसी सप्लायमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, आर्कला विझायला आपोआप संधी मिळते. डीसीत शून्य येतच नाही. तिथं फ्यूजला स्वतःच्या ताकदीवर आर्क मारावा लागतो. म्हणून ईव्हीच्या फ्यूजची बॉडी सिरॅमिक नाहीतर फायबरग्लासची, आत गच्च भरलेली क्वार्ट्झची वाळू आणि मध्ये चांदीची नाहीतर तांब्याची पातळ पट्टी, तिला जागोजाग भोकं पाडून कमरा, म्हणजे अरुंद जागा, केलेल्या. शॉर्ट झालं की सगळ्या कमरा एकदम वितळतात, एका मोठ्या आर्कच्या जागी लहान लहान आर्क एका ओळीत तयार होतात, त्यांची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजच्या वर जाते आणि करंट खाली खेचला जातो. वाळू ती उष्णता पिते आणि वितळून काचेसारखी होते. उडालेला फ्यूज कापून बघा कधी, आत वाळूचा खडा बनलेला दिसतो.

आता बीएमएस आणि कॉन्टॅक्टर असताना फ्यूज कशाला. हिशोब करा. बॅटरी, केबल, बसबार (करंट नेणारी तांब्याची पट्टी), जॉइंट सगळं मिळून रेझिस्टन्स ०.१ ओम धरला तर ३२० भागिले ०.१ म्हणजे ३२०० अँपियर. कॉन्टॅक्टर रोज उघडमीट करायला आहे, तेही शक्यतो करंट नसताना. एवढ्या करंटला त्याचे काँटॅक्ट चुंबकीय जोरानंच एकमेकांपासून उचलले जातात, आर्क बसतो आणि परत टेकले की वेल्ड होतात. मग बीएमएसनं कितीही ओरडून सांगितलं तरी कॉन्टॅक्टर सुटत नाही. मोठ्या शॉर्टला फ्यूज, त्याच्या खालच्या ओव्हरलोडला बीएमएस आणि कॉन्टॅक्टर, अशी वाटणी असते. दोघांची मर्यादा एकमेकांना नीट भिडवायची हे डिझाइनमधलं खरं डोकेदुखीचं काम, मध्ये फट राहिली की त्या फटीतच गाडी जळते.

हल्ली काही गाड्यांत मेन लाईनला पायरो फ्यूज येतो, एअरबॅगच्या सिग्नलवर छोटा बार उडवून बसबार तोडणारा. पण तो मेनला. तुमच्या कंप्रेसरच्या लाईनला साधा वितळणाराच असणार.

द्राक्षबाग_तासगाव

एवढं पुराण कशाला? आमच्या मळ्यात मोटरच्या स्टार्टरला किटकॅटमध्ये तार गुंडाळूनच पिढ्या गेल्या, कधी काय झालं नाही. मित्र म्हणतोय ते करून टाका, एचआरसी लावा आणि एसी खा. कंपन्या लुटायलाच बसल्यात.

हार्नेस_शिरवळ

दादा, तुमच्या मळ्यात ट्रान्सफॉर्मर पार लांब, मधली लाईन लांबलचक आणि बारीक, त्यामुळं शॉर्टचा करंटच बेताचा येतो, वर एसी, वर डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) डीओ म्हणजे लाईनचा फ्यूज बसलाय तो उडतो आणि वायरमन येईपर्यंत सगळं गप. गाडीत बॅटरी सीटखाली असते आणि तिच्यामागं कुठलाही डीओ नसतो. लुटतात त्याबद्दल मात्र मी कंपन्यांची बाजू घेणार नाही, त्यावर खाली लिहितो.

द्राक्षबाग_तासगाव

बरं, डीओचं पटलं. लुटायचं लिहा आता.

हार्नेस_शिरवळ

लिहितो. आधी एक गोष्ट, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. लोकांना वाटतं कंप्रेसरचा फ्यूज कंप्रेसरला वाचवायला आहे. नाही. कंप्रेसर मेला म्हणूनच बहुतेक वेळा फ्यूज उडतो. फ्यूज आहे तो बॉक्सपासून कंप्रेसरपर्यंत जाणाऱ्या त्या नारंगी केबलला वाचवायला. मेन केबल ५० किंवा ७० स्क्वेअर एमएमची आणि तिचा फ्यूज तीनशे-साडेतीनशे अँपियरचा. कंप्रेसरची केबल अडीच किंवा चार स्क्वेअर एमएमची. आता या बारीक केबलवर शॉर्ट झालं आणि २००० अँपियर वाहायला लागला असं धरा. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याचं इन्सुलेशन साधारण २० ते ३० मिलिसेकंदात जातं, आय स्क्वेअर टी आणि के स्क्वेअर एस स्क्वेअरचा हिशोब आहे, आयटीआय-डिप्लोमावाल्यांनी घालून बघावा. मेन फ्यूजला २००० अँपियर म्हणजे त्याच्या रेटिंगच्या सहा-सात पट, त्याला उडायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. तोवर बॉनेटखाली जाळ झालेला असतो. चाळीसचा छोटा फ्यूज मात्र पन्नास पट करंटला एक-दोन मिलिसेकंदात मोकळा होतो.

म्हणून नियम असा की जिथं जाड केबल संपून बारीक केबल सुरू होते तिथंच, बॅटरीच्या बाजूला, नवा फ्यूज पाहिजे. कंप्रेसरच्या टोकाला लावून उपयोग नाही, मधली सगळी केबल उघडी पडते. आणि दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर प्रत्येकीला वेगळा, कारण एकीच्या केबलला शॉर्ट झालं तर दुसरी उलट्या बाजूनं करंट ढकलते. इन्व्हर्टरपासून (बॅटरीच्या डीसीचं मोटरसाठी एसी करतो तो) मोटरकडं जाणाऱ्या तीन केबलना मात्र सहसा फ्यूज नसतो, तिथला करंट इन्व्हर्टरच मोजतो आणि अडवतो.

आता लुटायचं. फ्यूज हा मुळात खर्ची पडणारा माल आहे, उडणं हेच त्याचं काम. मग तो बदलता येईल असा बसवायला पाहिजे का नको? काही बॉक्समध्ये फ्यूज वेगळ्या झाकणाखाली बोल्टनं बसवलेले असतात, झाकण काढलं की इंटरलॉकची लूप (झाकण बंद आहे का बघणारी बारीक वायर) तुटते, कॉन्टॅक्टर सुटतात, मग माणूस फ्यूज बदलतो. काही बॉक्समध्ये फ्यूज थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले, वरून सगळं सील. कंपन्या म्हणतात पाणी जाऊ नये म्हणून, आणि अडाणी हात लागू नयेत म्हणून. पाण्याचं खरं आहे. पण हातांचं उलटंच होतं, मूळ फ्यूज सुटा मिळाला नाही की एचआरसी येतो, नाहीतर तुमच्या तीनचाकीसारखी पट्टी येते. माझं मत विचाराल तर फ्यूजला पार्ट नंबर न देणं ही सुरक्षेचीच चूक आहे. आमच्या ऑफिसात यावर भांडणं झालीत.

तेव्हा तुमच्या बॉक्समध्ये नेमकं काय आहे हे झाकण काढल्याशिवाय कळणार नाही. बोल्टचा असेल तर त्याच मापाचा, तेवढ्याच अँपियरचा, ४५० किंवा ५०० व्होल्ट डीसी छापलेला, ब्रेकिंग कपॅसिटी (जास्तीत जास्त किती करंट तोडू शकतो तो आकडा) मूळच्याएवढी किंवा जास्त असलेला फ्यूज बाजारात मिळतो. पार्ट नंबर गाडीवाल्यांकडं नसला तरी फ्यूज बनवणाऱ्याचा नंबर फ्यूजच्या अंगावर असतो, तो फोटो काढा.

मिरज_जंक्शन

मी ईव्हीची रिपेरिंग करतो, मिरजेत. वरचं सगळं बरोबर आहे पण विश्रामबागकर, तुम्ही फ्यूजच्या मागं लागलाय आणि फ्यूज का गेला हे कोणी विचारलंच नाही. वर्कशॉपवाल्यांनी पण नाही वाटतं. फ्यूज सहजासहजी जात नाही. कंप्रेसर दोन-तीन किलोवॅट खातो, म्हणजे ३२० व्होल्टला सहा ते नऊ अँपियर. फ्यूज तीस किंवा चाळीसचा. चौपट जागा आहे. तरी उडाला म्हणजे आत प्लस-मायनस एक झालं असणार. नुसता नवा टाकला तर चालू केल्या केल्या तो पण जाऊ शकतो, नाहीतर प्रीचार्जचा रेझिस्टर (चालू करताना पहिला करंट हळू सोडणारा) जाऊ शकतो.

तीन गोष्टी सांगा. गेल्या वर्षभरात एसीचा गॅस कुठं भरला का? नेहमीच्या एसी गॅरेजमध्ये भरला असेल तर कोणतं ऑइल टाकलं ते विचारा. इंजिनच्या गाड्यांत पट्ट्यावर फिरणाऱ्या कंप्रेसरला पीएजी ऑइल चालतं. ईव्हीच्या कंप्रेसरमध्ये मोटर आतच असते, वाइंडिंग त्या ऑइलमध्येच भिजत असतं, म्हणून तिथं पीओई लागतं, जे वीज वाहत नाही. पीएजी ओलावा ओढतं आणि वीज वाहतं. मशीनच्या पाईपमध्ये उरलेलं थोडं पीएजी गेलं तरी इन्सुलेशन खाली येतं. दुसरं, गाडी २०२१ च्या पुरात कुठं उभी होती का? सांगलीतली सेकंडहँड गाडी म्हटल्यावर हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, कृष्णेचं पाणी कनेक्टरमध्ये शिरलेलं वर्षांनी हिरवं होऊन बाहेर येतं. तिसरं, बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या दिसतात का? केबल कुरतडलेली असू शकते.

एक लक्षात घ्या, एचव्ही सिस्टीम बॉडीशी कुठंच जोडलेली नसते. त्यामुळं नुसती प्लसची वायर बॉडीला लागली तर फ्यूज उडत नाही, करंटला परतायची वाटच नसते. ते पकडायला इन्सुलेशन मॉनिटर (एचव्ही आणि बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स मोजणारा) असतो, डीसीला प्रत्येक व्होल्टमागं १०० ओम हा कमीत कमी आकडा, ३२० व्होल्टला ३२ किलोओम झाले. त्याच्या खाली गेलं तर डॅशबोर्डवर वॉर्निंग येते. तुम्हाला आधी तशी वॉर्निंग येऊन गेली होती का? येऊन गेली असेल तर ऑइल किंवा पाण्याकडं संशय. काहीच न येता एकदम फ्यूज गेला असेल तर कंप्रेसरच्या डोक्यावर जो छोटा इन्व्हर्टर असतो त्यातला ट्रान्झिस्टर गेला असण्याची शक्यता जास्त.

आणि मित्राला सांगा, मल्टीमीटर घेऊन घरी बॉक्स खोलू नको. पॅनेलचा अनुभव वेगळा. गाडी बंद, चावी लांब ठेवायची, बारा व्होल्टचा मायनस काढायचा, मग सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरीची एचव्ही लाईन तोडणारा प्लग) काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, दुसऱ्यानं लावू नये म्हणून. मग थांबायचं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढं, पाच-दहा मिनिटं तरी, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. हातात १००० व्होल्टचे रबरी ग्लोव्ह, फुंकून बघितलेले, भोक नाही ना म्हणून. मग मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग इथं लावायचा, शून्य दिसल्यावर परत चालू सप्लायवर तपासायचा. शून्य दाखवणारा मीटर बिघडलेला पण असू शकतो.

कासरोड_मेस्त्री

राम राम. म्या साताऱ्यात तीनचाकीचं काम करतो. वरली इंजिनेर मंडळी कारचं बघतील, म्या वडलांच्या गाडीचं बोलतो. ती पट्टी आजच्या आज काढा. उद्या न्हाय, आज.

लोकांला वाटतं ४८ नाय ६० व्होल्टला काय व्हतंय, शॉक तर बसत न्हाय. आरं पण वेल्डिंगचा आर्क वीस-तीस व्होल्टवर चालू ऱ्हातो की! जाळ व्हायला व्होल्ट लय लागत न्हाईत, करंट लागतो. त्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वीस मिलिओम धरला तरी ५१ व्होल्टला अडीच हजार अँपियर निघत्यात. पोत्याच्या गाडीत बॅटरी मागं हौद्याखाली, केबल चासीला क्लिपनं बांधलेली, क्लिप तुटली की केबल लोखंडावर घासाय लागती. दोन्ही केबल एका जागी घासल्या की संपलं, पट्टी काय वितळत न्हाय, केबल वितळती, वर हळदीची पोती हायतच.

आता फ्यूज दोनदा का उडला त्ये बघा. माझ्याकडं यवतेश्वरच्या घाटानं कासकडं माल नेणाऱ्या गाड्या येत्यात, चढाला करंट सपाटीच्या दुप्पट वढत्यात, पण त्यानं फ्यूज उडतो असं न्हाय, चांगला फ्यूज थोडा वेळ सोसतो. माझ्या बघण्यात जास्ती करून बोल्ट ढिल्ला असतो. न्हायतर लग (केबलच्या टोकाचा तांब्याचा डोळा) नीट दाबल्याला नसतो, पक्कडीनं चेपल्याला असतो. ढिल्ल्या जागी गरमी हुती, ती गरमी पट्टीतनं फ्यूजच्या आत जाती, आन फ्यूजला वाटतं करंटच जास्ती आला. मग ९० अँपियरलाच १५० चा फ्यूज जातो. फ्यूज काढल्यावर त्याचं एक टोक निळसर-काळं आन दुसरं चकचकीत दिसलं तर समजा त्या काळ्या टोकाचा बोल्ट दोषी. तुमच्या त्या यार्डवाल्यानं जुना फ्यूज फेकला नसंल तर मागून घ्या आन बघा.

दुसरं, फ्यूज कोणता व्हता? कारच्या म्युझिक सिस्टीमला लागणारे ३२ व्होल्टचे फ्यूज स्वस्त मिळत्यात, लय जण त्येच टाकत्यात. फुल चार्जला ४८ ची म्हणत्यात ती लिथियम बॅटरी ५८ च्या पुढं जाती, ६० ची लेड अ‍ॅसिड ७० च्या बी वर. ३२ चा फ्यूज तिथं कामाचा न्हाय. ८० व्होल्ट डीसी नायतर त्याच्या वरचाच घ्या.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मेस्त्री, तुमचा मेसेज वडिलांना वाचून दाखवला. "आत काळं झालेलं टोक" म्हटल्यावर ते गप झाले, कारण तो जुना फ्यूज त्यांनी गाडीच्या डिकीतच ठेवलाय आणि एक टोक काळं आहे. बॅटरीकडचं. पट्टी काढलीय, गाडी दारात उभी आहे.

कारचं सांगतो. मिरज_जंक्शन, वॉर्निंग कधीच आली नव्हती. गॅस भरलेला नाही. पुराचं आधीच्या मालकाला विचारलं, गाडी तेव्हा पुण्यात होती म्हणतो, सर्व्हिसच्या पावत्या पण पुण्याच्या आहेत. कोल्हापुरात ईव्हीचं काम करणारा एक जण आहे, त्याच्याकडं नेली, ग्लोव्ह वगैरे सगळं त्यानं तुम्ही लिहिलंय तसंच केलं, आम्हाला टेपच्या बाहेर उभं केलं. बॉक्सच्या झाकणाखाली फ्यूज बोल्टचे निघाले! चार छोटे एका ओळीत. कंप्रेसरचा ४० अँपियर, ५०० व्होल्ट डीसी. सोल्डर वगैरे काही नाही. मग त्यानं कंप्रेसरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांत मीटर लावला, दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून, शून्याच्या जवळ. बॉडीला मात्र इन्सुलेशन चांगलं आलं.

म्हणजे मिरज_जंक्शन म्हणाले तेच का?

मिरज_जंक्शन

तेच. बॉडीला इन्सुलेशन चांगलं म्हणजे ऑइल आणि वाइंडिंग बहुतेक ठीक, पिनांत शून्य म्हणजे इन्व्हर्टरची वरची-खालची दोन्ही ट्रान्झिस्टर गेलीत नाहीतर त्याचा कपॅसिटर शॉर्ट आहे. कंप्रेसर बदलावा लागेल, काही मॉडेलला वरचा इन्व्हर्टर सुटा बदलता येतो, त्याला विचारा. केबल कुठं काळवंडली आहे का ते बघायला सांगा, दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून. फ्यूजनं वेळेवर काम केलंय त्यामुळं बहुतेक चांगली असेल. आणि कंप्रेसर दुरुस्त झाल्यावर मीटरनं परत बघितल्याशिवाय नवा फ्यूज बसवू देऊ नका. बोल्ट टॉर्क रेंचनं, फ्यूजच्या डेटाशीटमध्ये आकडा असतो त्यानंच, अंदाजानं पिळला की सिरॅमिकला तडा जातो.

झाकणाचं गॅस्केट नवं टाकायला सांगा. हे सगळेच विसरतात.

द्राक्षबाग_तासगाव

म्हणजे मित्राचा एचआरसी टाकला असता तर चावी लावल्या लावल्या बार उडू शकला असता. आणि वर्कशॉपवाल्यांचा नवा बॉक्स टाकला असता तर त्या नव्या बॉक्समधला फ्यूज पण पहिल्या दिवशीच जाऊ शकला असता. मग परत बॉक्स? भारीच धंदा आहे राव.

हार्नेस_शिरवळ

हो, तसं होऊ शकलं असतं. बॉक्स बदलून कंप्रेसर तसाच ठेवला तर परत तिथंच येणार. तुमचा मुद्दा मी ऑफिसात सांगतो, लुटायचा तो.

तीनचाकीबद्दल एक भर घालतो, मेस्त्रींचं सगळं बरोबर आहे. बॅटरी पासिंगला जाते तेव्हा एआयएस १५६ या भारतीय सुरक्षा मानकात तिची बाहेरून शॉर्ट करून टेस्ट असते, प्लस-मायनस पाच मिलिओमच्या आत जोडतात, आणि आग, स्फोट काही व्हायला नको. ती टेस्ट पास होते ती आतल्या संरक्षणाच्या जिवावर. फ्यूज हा त्याचाच भाग असेल आणि तिथं पट्टी घातली, तर ज्या बॅटरीनं टेस्ट पास केली ती ही बॅटरी राहिलीच नाही. इन्शुरन्सवाल्यानं जळालेल्या गाडीत पट्टी बघितली तर क्लेमचं काय होईल ते वडिलांना सांगा, तांत्रिक बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं असा माझा अनुभव आहे.

विश्रामबागकर

इन्शुरन्सचं सांगितलं, खरंच लगेच पटलं. 😄 मेस्त्री, आता शेवटचं, तीनचाकीला फ्यूज किती अँपियरचा घेऊ? दुकानात १०० पासून २५० पर्यंत दाखवतात आणि दुकानदार म्हणतो २५० घ्या, परत उडणार नाही.

कासरोड_मेस्त्री

दुकानदाराला म्हनावं तुझ्या घरला लाव. आधी केबलवरचा आकडा वाचा, २५ स्क्वेअर एमएम का १६. मग कंट्रोलरच्या स्टिकरवरचा सततचा करंट बघा. सततचा करंट फ्यूजच्या पाऊण पटीच्या आत ऱ्हायला पायजे, आन फ्यूज केबलला झेपतो त्याच्या खालीच. म्हंजे सततचा ७० असंल तर १०० चा बास हुतो, चढाचा थोडा वेळ तो सोसतो. गाडीत हौद्याखाली उन्हाळ्यात लय तापतं, म्हणून थोडं वर गेलं तर १२५. १६ ची केबल असंल तर तिला झेपतं त्याच्या वर अजिबात जाऊ नका. मूळ फ्यूजवर आकडा वाचता येत असंल तर मग कायबी डोकं लावू नका, तोच घ्या.

काळ्या टोकाचा लग कापून टाका, मागनं केबल चांगली चकचकीत तांबं लागेपर्यंत सोला, आन नवा लग हायड्रॉलिक क्रिंपरनंच दाबा. सांगलीत कुठल्याबी पॅनेलवाल्याकडं मिळंल क्रिंपर. तुमच्या त्या कुपवाडच्या मित्राकडंच असंल की.

विश्रामबागकर

आहे त्याच्याकडं. फोटो टाकतो झाल्यावर.